आप्पांचं राउटिंग टेबल

माझे वडील कऱ्हाडच्या मंडईत, मेथीच्या ढिगासमोर, खांबासारखे उभे होते. त्यांना चालता येत नव्हतं आणि खालीही बसता येत नव्हतं. शुक्रवार, दुपारचे साडेबारा. मी पुण्यात ऑफिसमध्ये डबा उघडून बसले होते आणि त्यांची ही अवस्था मीच केली होती, दीडशे किलोमीटरवरून, एकच ओळ टाइप करून.

आमच्या धंद्यातल्या माणसाला एवढ्यावरून चूक कळेल आणि तो कपाळावर हात मारून घेईल. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगावं लागणार. सांगते. तसंही गेली दोन वर्षं मी सगळ्यांना सगळं पहिल्यापासूनच सांगते आहे.

आप्पा म्हणजे शशिकांत शेवाळे, टेलिफोन खात्यातले निवृत्त केबल जॉइंटर. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून आठशे पेअरची केबल एकेक तार जुळवत जोडायची, हे त्यांनी जन्मभर केलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, केतकी. त्यांनी तारा जोडल्या, मी नेटवर्क जोडते. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी आप्पा स्कूटरवरून पडले आणि मानेत मार बसला. डावा हात वाचला. उजवा हात आणि दोन्ही पाय गेले.

आठ महिन्यांनी त्यांना मज्जासेतू बसवला. ही वस्तू आता नवी राहिलेली नाही, तरी ती काय करते हे विचारलं तर दहातले नऊ लोक ‘मेंदूला चिप लावतात’ असं काहीतरी ठोकून देतात. चिप मेंदूला लावत नाहीत. मेंदू पायाला जो हुकूम सोडतो तो विजेच्या बारीक ठोक्यांच्या रूपात मज्जारज्जूतून खाली जातो. मानेत रज्जू चेपला की हुकूम तिथेच अडतो. खाली पाय ठणठणीत असले तरी त्यांना निरोपच मिळत नाही. मज्जासेतूत केसाहून बारीक दातांचे दोन कंगवे असतात, एक जखमेच्या वर आणि एक खाली. वरचा ठोके ऐकतो, खालचा तेच पुन्हा वाजवतो. वर जाणारा स्पर्श याच वाटेने उलटा येतो. मधे, छातीच्या कातडीखाली, काडेपेटीएवढी एक डबी असते.

ही डबी म्हणजे तुमच्या घरातला राउटरच. ठोक्यांची पाकिटं बांधायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि कुठलं पाकीट कुठल्या दाराने पाठवायचं ते बघायचं. दाराला आम्ही इंटरफेस म्हणतो. आप्पांच्या डबीला चार दारं आहेत: दोन पायांची एल-शून्य आणि एल-एक, उजव्या हाताच्या हालचालीचं एच-शून्य, आणि त्याच हाताच्या स्पर्शाचं एस-शून्य. कुठल्या पत्त्याचं पाकीट कुठल्या दाराने जाईल याची यादी म्हणजे राउटिंग टेबल. संपलं. यात जादू नाही.

अडचण आहे ती उष्णतेची. डबी जितकी पाकिटं हाकते तितकी तापते, आणि शरीराच्या आत अर्ध्या अंशापेक्षा जास्त तापलेलं चालत नाही. त्यामुळे सेकंदाला ठरावीकच पाकिटं जाऊ शकतात. चालणं हे महा खादाड काम. दोन पाय, त्यांचा तोल, घोट्यांची हालचाल, यातच सगळा वाटा संपतो. उरलेल्यात हाताची हालचाल कशीबशी बसते. हाताच्या स्पर्शाची पाकिटं रांगेत शेवटी असतात आणि तिथेच टाकून दिली जातात.

ही रांग लावतो सारथी, म्हणजे बोलतं सॉफ्टवेअर. हल्ली जगातलं प्रत्येक नेटवर्क सारथीच चालवतो, बँकेचं काय, धरणाचं काय आणि फ्रिजचं काय. आपण तोंडाने मागायचं, तो रस्ते आखून देतो. काळ्या पडद्यावर हाताने कमांड टाइप करणारी माणसं महाराष्ट्रात आता शंभरही नसतील. ऑफिसातले तरुण मला मागून काळ्या पडद्याची काकू म्हणतात. सारथी अडला की मात्र तेच ‘केतकीताई, जरा बघता का’ करत येतात.

तर आप्पा चालायला लागले. आम्ही पेढे वाटले. आणि तिसऱ्याच महिन्यात आप्पांनी कुरकुर सुरू केली.

“हात हलतोय गं,” ते म्हणाले, “पण हात न्हाई.”

“म्हणजे काय आप्पा?”

“म्हंजे दिसतोय, हलतोय, पण कुणाचा तरी उसना आणल्यागत. स्ट्रायकर बोटाला लागला का न्हाई, ते वाकून बघाय लागतंय.”

स्ट्रायकर! आप्पांना कॅरमचं वेड. वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज चार ते सहा, समोर सुतार गुरुजी. अपघातापूर्वी आप्पा राणी अशी घ्यायचे की गुरुजी अर्धा तास बोलायचे नाहीत. आता स्ट्रायकर एकदा बोर्डाबाहेर जाऊन गुरुजींच्या चष्म्यावर आदळला होता. “शशिकांत, सोंगट्या बोर्डावर आहेत, माझ्या तोंडावर नव्हेत,” असं गुरुजी म्हणाले म्हणे.

मी सारथीला विचारलं. सारथी म्हणाला, “आपलं चालण्याचं उद्दिष्ट चौऱ्याण्णव टक्के पूर्ण झालं आहे. अभिनंदन!” मी म्हटलं, उद्दिष्ट बदल. तो म्हणाला, त्यासाठी प्राधान्याचा अर्ज पुन्हा भरावा लागेल, समितीचा निर्णय येण्यास सरासरी अकरा महिने लागतात, तोवर मी आपल्याला चालण्याचे फायदे सांगू का? मी लॅपटॉप आपटता आपटता थांबले, तो ऑफिसचा होता म्हणून.

शस्त्रक्रिया केलेल्या डॉ. शाहीन मुजावरांना फोन केला. त्या स्पष्ट बोलतात. “पाय हवेत की हाताची जाण, हा वैद्यकीय प्रश्न नाही. दोन्ही सुरक्षित आहे. दोन्ही पूर्ण मिळणार नाही. कायद्याने कंपनीला रुग्णासाठी डबीची कमांड लाइन उघडी ठेवावीच लागते, फक्त ती वापरता येणारं कुणी उरलेलं नाही. तुम्हाला येते. पण एक विचारू? अर्जावर पहिलं प्राधान्य ‘चालणे’ असं आहे. ते कुणी लिहिलं?”

मी लिहिलं होतं. अपघातानंतर आप्पा अजून अतिदक्षता विभागात होते, तोंडात नळी होती, अर्जावर सही कुणीतरी करायला हवी होती. ‘रुग्णाचे पहिले प्राधान्य’ या रकान्यापुढे मी विचार करायला दोन सेकंदही घेतले नव्हते. कोण घेईल?

आप्पांना मी सांगितलं, कॅरमसाठी पाय घालवणार नाही, विषय बंद. ते म्हणाले, पाय माझे हायत. मी म्हटलं, डोकं वापरा. ते म्हणाले, ते पण माझंच हाय. असं पावणेदोन वर्षं चाललं. शेवटी मी दोन्ही डगरींवर हात ठेवायचं ठरवलं: पायांचा वाटा थोडा कमी करायचा, स्पर्शाला थोडा द्यायचा. चालणं हळू होईल, हातात धूसर का होईना काही कळेल. कुणालाच पूर्ण पटणार नाही असा तोडगा निघाला की मला फार समाधान वाटतं.

आता चुकीकडे येते.

लांबच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी आमच्यात एक रिवाज आहे. आधी त्याला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट हो. काम नीट झालं तर तो रीस्टार्ट रद्द करायचा. गडबडीत आपणच आपली वाट बंद केली, तर दहा मिनिटांनी यंत्र जुन्या सेटिंगवर परत येतं आणि आपली अब्रू वाचते. मी वीस वर्षांत हा रिवाज एकदाही मोडला नाही. त्या दिवशी मोडला. डबी रीस्टार्ट व्हायला चाळीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ माणूस खाली कोसळलेला असतो. बापाला रीस्टार्ट लावून ठेवायला माझा हात धजला नाही.

आधी फोन केला होता. “आप्पा, कुठे आहात?”

“घरात बसलोय की.”

“मागे आवाज कसला?”

“टीव्ही.”

मग मी एल-एकचा वाटा बदलण्यासाठी ते दार क्षणभर बंद केलं. बंद करायची कमांड एका ओळीची, उघडायची पुढच्या ओळीत. पुढची ओळ टाइप केली आणि पडदा गोठला. मला डबीशी जोडणारी बाहेरची वाट कंपनीने काटकसर करून एल-एकच्याच दाराने नेली होती. शिडीवर चढून मी शिडीच काढून घेतली होती. उंटावरून शेळ्या हाकायला जावं तर हे असं होतं.

एका पायाचं दार तुटलं तरी माणूस कोसळू नये म्हणून डबीत एक सोय आहे: दोन्ही पायांनी शेवटचा हुकूम धरून ठेवायचा. आप्पांना मिळालेला शेवटचा हुकूम होता ‘उभा राहा’.

दोन मिनिटांत आईचा फोन आला. “आगं केतकी, ह्यांचं गुडघं लॉक झाल्यात! मेथी घ्यायला वाकत होते, अन् निम्म्यातच ताठ झाले.”

“मेथी? घरात?”

“घरात कसली मेथी? मंडईत हाय आम्ही.”

मी डोळे मिटले आणि दहापर्यंत मोजलं. तिथे पोचायला मला तीन तास लागले असते. रीस्टार्ट करणं शक्य नव्हतं. गर्दीत, दगडी फरशीवर ते आडवे झाले असते. एकच उपाय होता. आप्पांच्या शर्टाच्या खिशात एक चकती असते, ती छातीला चिकटवून वायर फोनला लावली की त्या फोनवर डबीचा काळा पडदा उघडतो. टाइप मात्र तिथल्याच कुणी करायला हवं. आप्पांचा डावा हात काठीवर होता. म्हणजे आई.

आईने जन्मात कधी कमांड पाहिली नव्हती. एका हातात आप्पांचा फोन, दुसऱ्या हाताने टाइप करायचं, मग माझ्याशी बोलायचा फोन धरणार कोण? मेथीवाली. तिने तो स्पीकरवर टाकला.

“आई, लिही. आय. पी.”

“आय! पी!” मेथीवाली ओरडली.

“मग स्पेस.”

“स्पेस म्हंजे?”

“मोकळी जागा. खालची लांब पट्टी.”

“आय मोठं झालं गं. फोन आपोआप मोठं करतोय.”

“पुसून छोटं कर.”

“छोटं करा वैनी!” मेथीवाली.

लिंक, सेट, एल-एक, अप. एवढे चार शब्द लिहायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. मधे एकाने, फोन बंद करून चालू करा, असा सल्ला दिला. दुसऱ्याने आप्पांना पाणी पाजलं. माझ्या ऑफिसच्या पडद्यावर सारथी विचारत होता, आपण तणावात दिसता, मी मदत करू का? आईने एंटर दाबलं. दार उघडलं. पण दार बंद केलं की त्या दाराच्या वाटा टेबलातून पुसल्या जातात, माझी बाहेरची वाटसुद्धा. त्या पुन्हा लिहायला लागतात, म्हणजे आणखी एक ओळ, आणि ती आकड्यांची.

“दहा, टिंब, चार, टिंब, एक, टिंब, शून्य, मग तिरकी रेघ.”

“कुठं झुकलेली?”

“उजवीकडे!”

“उजवीकडं!” मेथीवाली.

ओळ पूर्ण झाली. मी ती दोनदा वाचून घेतली. “बरोबर. आता एंटर.”

“थांब,” आप्पा म्हणाले.

फोनवर नुसताच मंडईचा गोंगाट. “काय झालं? आई? पडले का?”

“पडल्यालं न्हाईत ताई,” मेथीवाली म्हणाली. “मेथी चिवडायला लागल्यात.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका पायाची वाट पुसली गेली होती आणि दुसरा जागीच धरलेला होता, म्हणजे पायांचा वाटा मोकळा होता. सारथीच्या रांगेत पुढचं कोण उभं होतं? एस-शून्य. गेली पंधरा मिनिटं उजव्या हाताचा सगळा स्पर्श आप्पांच्या मेंदूपर्यंत पोचत होता.

“वली हाय,” आप्पा म्हणाले.

“काय?”

“मेथी. वली हाय. देठं गार हायत.” मग अगदी हळू, आईला, “उज्ज्वला, हात इकडं कर.”

“आई, एंटर दाब! डबी एका अवस्थेत इतका वेळ ठेवायची नसते, गुडघ्यांचे स्नायू आखडतील!”

“दाबते,” आई म्हणाली, आणि दाबलं नाही.

मी ओरडले. मी विनवलं. शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. माझ्या घड्याळात पाच मिनिटं गेली. शेवटी आप्पाच म्हणाले, “दाब आता.” आईने दाबलं, गुडघे सैल झाले, कुणीतरी भाजीचं क्रेट पालथं घालून त्यांना बसवलं.

“गेला,” आप्पा म्हणाले. एवढंच. फोन आईने बंद केला.

शनिवारी सकाळी मी कऱ्हाडला पोचले ती भांडायच्या तयारीने. खोटं का बोललात, मंडईत का गेलात, सगळे मुद्दे गाडीतच तयार केले होते. आप्पा जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते. जॉइंटर असताना केबलच्या पेअर लिहायचे तशीच उभ्या रकान्यांची वही.

“बस,” ते म्हणाले. “त्या कमांडी मला शिकव.”

“कशाला?”

“पायाचा रूट काढायचा आन् हाताला द्यायचा. माझा मी काढतो. तू टायपू नको.”

“आप्पा, खुर्चीत बसावं लागेल. कायमचं. मानेतल्या दोन शस्त्रक्रिया कशासाठी केल्या, कॅरमसाठी?”

“चालून जायचं कुठं मला? मंडईत? तिथं तुझी आई जाती. वाचनालय घरामागं हाय, खुर्ची जाती की. दोन वर्षं चाललोय, केतकी. रोज अंगणात वीस फेऱ्या मारतोय. कशासाठी? तू फोनवर ईचारतीस, किती फेऱ्या झाल्या? मी सांगतो वीस. तुला बरं वाटतंय. मग दिवसभर मला काय काम?”

मला इतका संताप आला की तोंडून खरं तेच बाहेर पडलं. “हो, मला बरं वाटतं! तुम्ही चालताय म्हटलं की मी पुण्यात सुखाने झोपते. तुम्ही खुर्चीत बसलात तर मला रोज वाटेल की मी इथे असायला हवं. मला नाही जमणार ते. म्हणून मला तुम्ही चालायला हवे आहात. झालं समाधान?”

मी आईकडे वळले. “तू सांग यांना.”

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “मला दोघांनीबी आतापर्यंत ईचारलं न्हाई,” ती म्हणाली. “खुर्ची ढकलणार कोण? मीच ना? मग मला ईचारा.” तिने बाही वर केली. मनगटाच्या वर, दंडापर्यंत, जुने-नवे निळे डाग होते. “आधाराला हात धरत्यात, अन् किती जोर लागतोय ते त्यांना कळतच न्हाई. सांगितलं तर रडाय लागत्यात, म्हणून सांगत न्हाई. काल मंडईत धरला, तसा दोन वर्षांत धरला नव्हता. मी ढकलीन खुर्ची.”

आप्पा ते डाग बघत राहिले. त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिले होते. मीही.

मग मी शिकवलं. आणि सांगते, असा विद्यार्थी मला आजवर मिळाला नाही, आणि असा छळणाराही. टेबल बघायची कमांड, वाट काढायची कमांड, वाट घालायची कमांड. प्रत्येकाला ‘का?’ दार आणि वाट वेगळी कशाला? आधी जुनी काढायची की आधी नवी घालायची? “आधी नवी,” मी म्हटलं, “नाहीतर काल झालं तसं होतं.” ते खूश झाले. “आमच्यातबी तसंच. नवा पेअर टेस्ट झाल्याबिगर जुना कापायचा न्हाई.” दुपारपर्यंत त्यांनी वहीतली चार पानं भरली. चार वाजता ते खुर्चीत नीट बसले, डाव्या हाताच्या एका बोटाने ओळी टाइप केल्या, प्रत्येक ओळ मला वाचून न दाखवता स्वतःच दोनदा तपासली आणि एंटर दाबलं. पाय पायपट्टीवर सैल पडले. उजवा हात त्यांनी टेबलाच्या कडेवरून सावकाश फिरवला. मला बघवेना म्हणून मी चहा करायला उठले.

एक गोष्ट मी शिकवली नव्हती.

कमांड लाइनवर लिहिलेली वाट चालत्या टेबलात जाते. ती साठवून ठेवायची तर वेगळी कमांड द्यावी लागते. न साठवता डबी रीस्टार्ट झाली की सगळं पुसलं जातं आणि जुनं टेबल परत येतं. आणि सारथी ही डबी दर सोमवारी सकाळी सहाला रीस्टार्ट करतो, माणूस अंथरुणात असताना. म्हणजे परवा सकाळी आप्पांचे पाय परत येणार आणि हात जाणार. मला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. आप्पा म्हणतील, मशीन राहत नाही गं त्यावर. मी म्हणेन, बघा, मी सांगत होते. विषय संपेल आणि दोष सारथीच्या डोक्यावर जाईल. हे मी ठरवून केलं. विसरले वगैरे काही नाही.

रविवारी दुपारी त्यांना वाचनालयात सोडून तशीच पुढे निघायचं म्हणून मी बॅग गाडीत टाकली. आईने खुर्ची ढकलली. खोलीत सुतार गुरुजी बोर्डावर पावडर टाकून बसले होते. आप्पांनी उजव्या हाताने स्ट्रायकर उचलला, अंगठ्याने त्याची कड चाचपली, ठेवला आणि मारला. सोंगटी भोकाजवळ जाऊन थांबली. दुसरीही. तिसऱ्या वेळी त्यांची एकही सोंगटी हलली नाही.

“दोन वर्षांनी हात आला म्हणतोस,” गुरुजी म्हणाले, “खेळ कुठे राहिला?”

आप्पा हसले. पोट हलेपर्यंत हसले. पहिला बोर्ड ते सपशेल हरले, दुसराही हरले. बोटाला लागलेली पावडर अंगठ्याशी चोळत राहिले. मी दाराशी उभी होते, निघते म्हणून सांगायला, आणि पाय काही निघेना. माझाच मला असा राग आला म्हणून सांगू!

“सेव्ह केलेलं नाही!” मी ओरडले.

गुरुजींचा स्ट्रायकर हातातच राहिला. “म्हंजे?” आप्पा म्हणाले.

मी सांगितलं. सोमवार, सहा वाजता, रीस्टार्ट, सगळं पुसलं जाणार. आईने तोंडावर हात ठेवला.

“हे तू काल सांगितलं न्हाईस.”

“नाही.”

“इसरलीस?”

“नाही.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी परीक्षेचे मार्क लपवले होते तेव्हाही त्यांनी मारलं नव्हतं, असंच पाहिलं होतं. मग त्यांनी खिशातून चकती काढली, छातीला लावली, फोन बोर्डावर ठेवला. “सांग.”

मी साठवायची कमांड सांगितली. त्यांनी ती उजव्या हाताच्या बोटाने टाइप केली, एंटर दाबलं. “आता ह्या डबीत कोण कोण शिरू शकतंय, ती यादी कशी बघायची?”

तीही सांगितली. तीन नावं आली. सारथी, डॉ. मुजावर, केतकी.

“डॉक्टरबाई ऱ्हाऊ देत. सारथीला कसं काढायचं?”

सांगितलं. सारथी गेला. जाताना त्याने ‘आपला दिवस चांगला जावो’ असं लिहिलं.

“आन् हे तुझं?”

माझा फोन माझ्या हातात होता, त्यावर डबीचा काळा पडदा उघडा होता, आणि मनात आणलं असतं तर त्यांच्याआधी एक ओळ टाकून मी डबीत शिरायची त्यांचीच चावी बदलू शकले असते. ते त्यांना माहीत नव्हतं.

“तीच कमांड,” मी म्हटलं. “शेवटी माझं नाव.”

ते एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. माझं नाव लिहायला त्यांना फार वेळ लागला. मग बोट एंटरवर टेकवून त्यांनी वर पाहिलं. “दाबू?”

“दाबा आप्पा.”

माझ्या फोनवर ‘जोडणी संपली’ अशी ओळ आली आणि पडदा रिकामा झाला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती.

“आता ऐका,” मी म्हटलं. “यापुढे काही अडलं, बिघडलं, तर मला पुण्यातून काहीही करता येणार नाही. कळतंय का? दर वेळी मला स्वतः इथवर यावं लागेल!”

“मग ये की,” आप्पा म्हणाले.